सोडलेल्या माशाचं वजन

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. नॉर्थ लेकच्या धक्क्यावर
निम्म्या होड्या कधीच जमिनीवर चढल्यात,
ताडपत्र्या पांघरून.
आमची 'मारी-क्लेर' तेवढी पाण्यात,
कारण लॉर्न पेटिग्रूने मार्चमध्येच पैसे भरले होते
आणि बाबा घेतलेले पैसे परत करत नाहीत.

हॅमिल्टनहून आलेला. वय एकाहत्तर.
एक्केचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या.
होडीत पाय ठेवताना त्याने आधी
कठड्याचे बोल्ट चाचपले,
मग मला हॅलो म्हणाला.

किनारा मागे पडला. तांबडा कडा,
त्यावर बटाटे काढून झालेली उघडी शेतं,
मग तीही नाहीत.
वारा वायव्येचा, हातमोज्यांत शिरून
बोटं मोजणारा.
अकरापर्यंत काही नाही. कॉफी.
मी गळाला बांगडे टोचत होते.
"ते किती खाली असतात?" लॉर्नने विचारलं.
"आत्ता वीस वाव," बाबा पडद्यावरून नजर न काढता.
त्याने ओठांतल्या ओठांत गुणाकार केला.
"म्हणजे बारावा मजला. उलटा."

रीळ किंचाळलं तेव्हा तो
सँडविचच्या कागदाची घडी घालत होता.

दोरी गेली, जातच राहिली.
अठरावा, तो म्हणाला, पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेला.
मग चौदावा.
मग दहावा. पुन्हा तेरावा.
"मध्येच कुणीतरी बटण दाबतंय!"

नियम असा, की तासाभरात वर आला नाही
तर दोरी कापायची.
कोटा संपलेला, परवाना फक्त सोडण्याचा.
बावन्नाव्या मिनिटाला बाबांनी चाकू काढून
माझ्यासमोर ठेवला, न बोलता.
लॉर्नने तो पाहिला.
सातवा. पाचवा.
त्याच्या मनगटांत कसलासा कंप होता,
सकाळी मी तो थंडीचा समजले होते.
आता तो दोरीत उतरला होता
आणि खाली, कुणास ठाऊक, कुठवर पोचत असेल.

मग पाणी उजळलं.
निळं नव्हे, आधी पिवळं:
शेपटीजवळच्या चिमुकल्या परांची रांग.
मग पाठ, ओल्या पाटीसारखी.
मग डोळा.
एवढा मोठा डोळा,
आणि त्यात आमच्यापैकी कुणीच नाही.

'तळमजला' असं तो म्हणाला नाही.
मी वाट पाहत होते.

सोडायचा म्हणजे नुसता सोडून चालत नाही.
कुपा दमलेला असतो, कल्ल्यांतून पाणी जायला लागतं.
शर्यत संपल्यावर शार्लटटाउनला घोडे फिरवतात
तसा बाबांनी त्याला होडीच्या कडेने चालवला,
दहा मिनिटं, पंधरा,
मी त्याच्या जबड्यातला आकडा धरून ओणवी,
माझा दंड बर्फ झालेला
आणि हा एवढ्या गार पाण्यात आतून गरम.
लॉर्न गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढला.
मोटर तापलीय का बघतात
तसा तळवा त्याच्या पाठीवर टेकवला.
"चालू आहे," म्हणाला.

शेपटी एकदा हलली. मी आकडा सोडवला.
तिघांत मिळून एक खारट थोबाडीत
आणि तो गेला,
मजले मोजायला वेळच दिला नाही.

परतताना नोंदवहीत वजनाचा रकाना.
बाबा म्हणाले, सहाशे पौंड.
मी म्हटलं साडेसातशे, मी धरलं होतं त्याला.
बाबा म्हणाले, धरणाऱ्याचं ऐकायचं नसतं.
अर्धा मैल आम्ही त्यावर भांडलो,
फ्रेंचमध्ये, म्हणजे पाहुण्याला कळू नये म्हणून.
शेवटी त्यालाच विचारलं.
इंजिनाच्या झाकणावर हात शेकत बसला होता,
कंप अजून चालूच.

"चार माणसं," तो म्हणाला.
थोडा विचार केला.
"आणि एक बॅग."

मी तसंच लिहिलं.
सोमवारी क्रेन आली होडी वर काढायला,
आणि मत्स्य खात्याच्या बाईंचा फोन.