पेवेकर साउंड

जिन्याखालच्या कपाटात ॲम्प्लिफायर.
तिथून प्रत्येक खोलीच्या दाराशी चार तारांची केबल,
दाराशी आवाजाचं बटण,
बटणापासून वर छतात
एकीकडे दोन तारा, दुसरीकडे दोन.
एवढंच काम आहे.
बाकी सगळी शिडी.

दाभोळला, परकारांच्या नव्या घरात
आठ दिवस मी जिप्समच्या पोटात हात घालून उभी होते,
केसांत पांढरी पूड.
मुलाने दोहाहून नकाशा पाठवलेला:
सहा खोल्या, बारा स्पीकर,
बटणं जमिनीपासून चार फुटांवर.
हवाबी म्हणाल्या, चार फूट त्याचे.
माझा खांदा तिथवर चढत नाही आता.
म्हणून स्वयंपाकघरातलं बटण मी अडीच फुटांवर घेतलं,
पाटावर बसून हात पोचेल असं.
नकाशात तशी खूण नाही.

तार चिपळूणहून आणली, निखळ तांब्याची.
दुकानदार म्हणत होता, ॲल्युमिनियमवर मुलामा घ्या, निम्म्यात पडेल.
म्हटलं, आमच्याकडचा खारा वारा
कडीकोयंडे खातो, मोटारसायकली खातो,
मुलाम्याला त्याला किती वेळ लागणार?
आणि लाइटच्या तारेपासून ही हातभर लांब ठेवायची.
ओलांडायचीच झाली तर आडवी, काटकोनात.
दोघी शेजारीशेजारी धावल्या
तर रात्रभर घर गुणगुणतं.

हे बाबांनी शिकवलेलं नाही.
बाबांना माडाला बांधलेले कर्णे माहीत.
उरूस, पालखी, लग्नं, निवडणुकीची रिक्षा,
प्रत्येक कर्ण्यावर लाल रंगात नाव,
त्यातला अनुस्वार गंजाने खाल्लेला:
पेवेकर साउड.
डावा कान कुठल्याशा शिमग्यात गेला.
उजव्याला ऐकू येतं ते त्याच्या मर्जीने.
स्पीकर दिसला पाहिजे, म्हणतात,
नाहीतर माणसांनी ऐकताना बघायचं कुठे?

शेवटच्या दिवशी ते धोपाव्याहून फेरीबोटीने आले.
हॉलच्या मधोमध उभे राहिले, चपला हातात.
मी रेडिओ लावला. मच्छीमारांसाठी हवामान,
कुणी भारदस्त गृहस्थ वाऱ्याचा वेग सांगत होते.
दोन्ही स्पीकर चालू. मला ठीक वाटलं.
बाबांनी तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला.
म्हणाले, मध्ये पोकळ आहे.

पुन्हा शिडी.
खिडकीकडच्या स्पीकरमागे
लाल तार काळ्याच्या जागी, काळी लालच्या.
एकाचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो.
बोलतात दोघंही,
पण मध्ये उभ्या माणसापर्यंत आवाजाचं वजन येत नाही.
तारा बदलल्या.
गृहस्थांना पोट आलं.

मग हवाबींनी त्यांचा फोन जोडायला दिला.
जोडता जोडता कुठेतरी बोट लागलं
आणि सहाही खोल्यांच्या छतातून, एकदम:
"अम्मा, जेवलीस काय गो?"
मुलाच्या खोलीतून. पाहुण्यांच्या खोलीतून.
वर जिथे गादीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही
तिथूनही.

हवाबी उठल्या.
दारादाराशी जाऊन बटण फिरवत गेल्या,
टक, टक, टक, डावीकडे.
खांदा चढला.
वरच्या मजल्यावरची मला बंद करायला सांगितली.
स्वयंपाकघर तेवढं राहिलं.
तिथे पाटावर बसल्या, निरोप पुन्हा लावला,
बघायला कुठे म्हणून आधी फोनकडे बघितलं,
मग छताकडे.
"जेवले," म्हणाल्या.

बाबा ओट्यावर बिल लिहीत होते.
बारा स्पीकर, सहा बटणं, तार एकशे ऐंशी मीटर.
पाटाजवळच्या बटणाचं जादा काही लावू नका, मी म्हटलं.
त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.
खाली नाव घातलं,
साउंडवरचा अनुस्वार असा दाबून दिला
की कागदाला भोक पडलं.