चौथ्यांदा

लाइट गेली, माग थांबले
की वडगावात परशराम कडोलकर बिअर गाळतो.
उलटं स्टूल, चार पायांना ताणून बांधलेलं कापड,
यल्लव्वानं विणलेल्या साडीचं,
दोष निघाला म्हणून शेटनं परत केलेल्या.

पहिल्यांदा गढूळ.
दुसऱ्यांदा ताकाच्या निवळीसारखी.
‘साकु गा, परश्या,’ इरप्पा ग्लास पुढं करतो.
पण परश्याला बाटलीतनं पलीकडची भिंत दिसायला हवी,
भिंतीवरचं कॅलेंडर,
कन्नड आकड्यातली तारीख.

तिसऱ्यांदा तारीख दिसली.
फेस तेवढा कुठं गेला कळेना.

एकेक घोट. दोघं गप्प.

मग इरप्पानं कापडच सोडलं,
पिळलं दोन्ही ग्लासांवर, करकचून,
आणि म्हणाला, ‘ईग बंतु.’

परश्या हसला.
मिशीवरचा गाळ
त्यानं पुसला नाही.