दोन बाण

विश्राम भिंगातून रस्ता वाचतोय.
ऑपरेशननंतर त्याच्या उजव्या डोळ्यात मधोमध
एक राखी ठिपका राहून गेलाय,
नेमकं जिथे बघायचं तिथेच.
म्हणून नकाशा त्याच्याकडे, स्टिअरिंग माझ्याकडे.
बावीस वर्षांनी जागा बदलल्या आम्ही,
अँबलसाइडजवळच्या एका शेतात,
चहावर साय धरेपर्यंत.

"इथून एस्कडेल पंधरा मैल," तो म्हणतो.
मोबाइलही तेच म्हणतो.
मोबाइलला दिसत नाही आमच्या मागे काय आहे ते:
साडेतेराशे किलोंचं घर,
दोन गाद्या, कुकर, आंबेमोहोराचा डबा,
आणि खिडकीत रबरबँडने बांधलेली तुळस.

काल मी डबा, कुकर, सगळं मधे आणलं, चाकांच्या वर.
माझे आजोबा याला उलाळ म्हणायचे:
मागं वजन झालं की जू मानेवरून उठतं
आणि बैलाचे पाय जमिनीला लागेनासे होतात.
इथल्या पुस्तिकेत त्यासाठी अख्खं पान आहे, आकृतीसकट.
आजोबांना एक शब्द पुरला.

मिसेस टायसन गमबुटांसह दारातच उभी.
"कुठल्या वाटेनं?"
विश्राम बोट ठेवतो. रायनोज. मग हार्डनॉट.
ती हसत नाही. हसली असती तर तो हट्टाला पेटला असता.
नखातल्या मातीसकट तिचं बोट त्याच्या बोटाशेजारी येतं.
"हा बाण बघा. एक असेल तर चढ.
दोन असतील तर..."
आणि तळहात उभा धरते, जवळजवळ भिंत.
"टोक जिकडे, उतार तिकडे."

तो भिंग सरकवतो. थांबतो. परत मागे आणतो.
मला ठाऊक आहे त्याला काय आठवतंय.
वेल्समधली ती एकेरी वाट, समोर दुधाचा टँकर,
आणि कॅरॅव्हॅन घेऊन तीनशे यार्ड उलटं जाणं.
मागे जाताना सगळंच उलटं,
डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे.
मी भिजत ओरडत होते माझं डावं,
तो वळवत होता त्याचं.
टँकरवाल्याने इंजिन बंद करून सँडविच काढलं होतं.

"खालून जाऊ," विश्राम म्हणतो.
एवढंच. भिंग घडी करून खिशात.

न्यूबी ब्रिज. ग्रीनॉड. ब्रॉटनचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये.
उतार सुरू व्हायच्या आधी गिअर, ब्रेक नंतर,
ब्रेकला तापवायचं नाही, दुधासारखं.
मागे रांग लागली की रुंद जागा बघून कडेला.
अकरा गाड्या गेल्या. एकाने हात केला,
एकाने दुसरं काहीतरी.
विश्राम प्रत्येक वळण आधी सांगतो,
न दिसणारंही, पाठ केल्यासारखं:
"आता पूल. अरुंद. आता डावीकडे भिंत."
बूटलच्या पुढे डाव्या हाताला समुद्राची पांढुरकी रेघ आली
आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

साडेसात. बूट गावाबाहेरचं गवत.
चाकांखाली अटकण, चारी पाय खाली, तुळस जागेवर.
दरीच्या वरच्या टोकाला, अंधार पडता पडता,
कोणाच्या तरी गाडीचे दिवे
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
थांबत थांबत उतरताहेत.
विश्राम मान किंचित वळवून बघतो,
कडेच्या नजरेनं. सरळ पाहिलं तर दिवे जातात.
"किती झाले?"
"छप्पन्न."
"पंधराच्या जागी," तो म्हणतो,
आणि खालच्या वळणावर ते दिवे दिसेनासे होतात.
आम्ही वाट बघतो. कुकरची एक शिट्टी होते.
"आले," तो म्हणतो, माझ्या आधी.