आणखी एक भोक

मोबाइलचं पाकीट नको, तावडे म्हणाले,
आणि रुमालात गुंडाळलेलं पेन
माझ्या फरशीवर ठेवलं.
लिहायचं नव्हे. इन्शुलिनचं.
शेजारी खडीसाखरेची पुडी.
"दोन्ही एकात मावायला हवं, कमरेला.
गेटवर बारा तास उभा असतो,
पिशवी केबिनमध्ये, केबिन पलीकडच्या विंगला,
आणि चक्कर काय सांगून येते?"

ठक्करबाप्पा कॉलनीत जोडे करणारे पुष्कळ.
पट्ट्याचं पाकीट मागायला सहसा कोणी येत नाही,
ते स्टेशनबाहेर टांगलेलं मिळतं,
मशीनच्या टिपेचं,
एक टाका सुटला की बाकीचे त्याच्यामागे.

वीतभर, त्यातून दोन बोटं वजा,
शिवणीला अर्धं बोट.
आधी पेपरचं करून पाहिलं, राशिभविष्याच्या पानाचं.
कन्या राशीला धनलाभ होता,
तिथे घडी पडली.

कातडं एक्स्पोर्टच्या मालातलं. म्हणजे नाकारलेलं.
एका कडेला वण, बोटभर लांब,
काटेरी तार असेल, नाहीतर दुसऱ्या म्हशीचं शिंग.
सुपरवायझरने त्यावर खडूने फुली मारलेली.
मी रापीला धार लावली
आणि फुली टाळून कापलं.
सवय.

मग आरीने भोकं, तिरकी,
मोजून एकशे अठ्ठावीस.
दोऱ्याला मेण. दोन्ही टोकांना सुया.
एकाच भोकातून समोरासमोर जातात त्या,
आमच्या बोळात दोन बायका हंडे घेऊन जाव्यात
तशा,
अंग चोरून.
तुळशीरामकाका म्हणायचे,
टाका ओढताना दातओठ खाऊ नकोस,
जनावर एकदा मेलंय,
तेवढं पुरे.

आतून नमद्याचं अस्तर, पेनाला ऊन लागू नये म्हणून.
वर टिचबटण.
ठोकूनही झालं होतं,
तेव्हा आठवली आमची आक्का.
साखर उतरली की तिच्या हातातला पेला
दातांवर वाजायचा.
तेवढा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावायची.

अशा हाताने बटण कसं उघडणार?

पक्कडीने उपटलं. झाकणाला खड्डा पडला,
झाकण गेलं.
उरला होता फुलीचा तुकडा. तोच घेतला.
खडू ओल्या फडक्याने पुसला.
आता बटण नाही, नुसती जीभ,
आडव्या वादीखाली खोवायची.

डोळे मिटले. डावा हात मुद्दाम थरथरवला.
पुतण्या सुमेध बघत होता, हसला,
मग हसायचा थांबला.
मी कमरेशी चाचपडत राहिलो,
वादी सापडेना, कड सापडेना,
सापडला तो वण.
ओल्या सुतळीसारखा बोटाला लागला.
त्याच्या खाली अंगठा घातला
की उघडतं.

साडेतीनशे सांगितले. तीनशे दिले,
पन्नास पगाराला म्हणाले,
आणि पगाराला खरंच आले.

दिवाळीनंतर पुन्हा.
"पाकीट झकास आहे हो,
पट्टाच घसरतोय. आणखी एक भोक पाडून द्या."
पट्टा सिक्युरिटी कंपनीचा, रेग्झिनचा.
कंपनीची पाच भोकं,
पुढची दोन यांनी खिळ्याने पाडलेली, फाकलेली.
मी पट्टा कमरेला लावून पाहिला.
तीन बोटं आत.

काही विचारलं नाही.
ते स्टुलावर बसून समोरच्या दुकानातले
बिनतळव्याचे बूट बघत होते.
नुसतं भोक टिकलं नसतं,
म्हणून मागून चामड्याची पट्टी दिली,
दोन सुयांनी, कडेकडेने.
पैसे राहू द्या म्हटलं.
त्यांनी खडीसाखरेचा एक खडा
सुमेधच्या हातावर ठेवला.

पट्टी मात्र मी जरा लांबच कापली होती,
अजून एका भोकापुरती.