चौथ्या मागापर्यंत

मंगळवारी ड्यूटी संपली की बर्न्लीहून नेल्सनची बस,
मग एनिड व्हिटाकरबाईंचा जिना.
गॅस हीटरचा आणि मांजराचा वास.
वय माझं एक्कावन्न, क्लॅरिनेट भाड्याचं,
महिना अठरा पौंड.

पहिल्या महिन्यात मी डोळे मिटून वाजवलं.
आईचं जाणं आठवत होते.
गळा दाटला, सूरही ओला झाला असं वाटलं.
एनिडबाईंनी चहाचा घोट घेतला.
"रडू तुला आलं," म्हणाल्या, "मला नाही आलं.
पोटातलं पोटातच राहिलं, पोरी."

मग त्यांच्या आईची गोष्ट.
गिरणीत तीनशे माग, कानठळ्या,
स्वतःचं बोलणंही स्वतःला ऐकू यायचं नाही.
बायका ओठांनी बोलायच्या. शब्द ताणून, रुंद करून,
भुवया, हनुवटी, सगळं कामाला लावून:
कोणाची सोयरीक मोडली, कोणाला दिवस गेलेत,
बटाटे कुठे स्वस्त,
चौथ्या मागावरच्या बाईला बिनचूक पोचायचं.
"आई घरीही तशीच बोलायची.
आम्हाला लाज वाटायची," एनिडबाई म्हणाल्या.
"कसब होतं ते. कळलं उशिरा."

तेव्हापासून गृहपाठ असा:
'दूध संपलंय', हे एवढंच, मराठीतच,
आरशापुढे.
नवऱ्यावर चिडून.
पाहुण्यांना कळू न देता.
मध्यरात्री, तान्हं कडेवर असताना.
मग तेच चार सुरांत.
कुठला सूर उशिरा, कुठे जीभ हलकी,
पेन्सिलीने मांडून ठेवायचं
वाण्याच्या खात्यासारखं.

मला वाटायचं, हे नाटक झालं.
पण दिवसभर मी तरी काय करते?
एक्स-रेच्या खोलीत, काचेमागून:
श्वास घ्या. धरा. सोडा.
परवा मिस्टर क्लेग नावाचे एक म्हातारे, फार घाबरलेले.
मी 'धरा' जरा लांबवलं,
'सोडा' अगदी खाली ठेवलं, जमिनीलगत,
आणि त्यांचे खांदे उतरले.
त्या क्षणी मला काही माया दाटून आली नव्हती.
जेवणाची सुट्टी चुकत होती.

हे एनिडबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आज वाजवताना डोळे उघडे ठेवले.
तिसऱ्या ओळीत, खूण केली होती तिथे, थांबले.
त्यांचा कप बशीकडे निघालेला,
तो मध्येच अधांतरी राहिला.

मी मोजलं: दीड मात्रा.
पुढच्या वेळी एकच पुरेल.