लहान असल्याचा दाखला

कल्ब्यात, फुजैराला जाणाऱ्या रस्त्यावर,
टायर पंक्चरवाल्याच्या मागे
अर्ध्या खोलीत आमची कंपनी.
उरलेल्या अर्ध्यात पाइप, ब्रश, क्लोरीनचे डबे
आणि तेकबहादूरचं अंथरूण.

पाटी मात्र भिंतीला पुरत नाही:
अल् मुकादम जनरल टँक क्लीनिंग अँड मेंटेनन्स सर्व्हिसेस.
बँकेत, घरमालकापुढे, दाभोळच्या सोयऱ्यांत
अकरा वर्षं आम्ही मोठे दिसत आलो.
झुलेखा दोन पिकअपचे चार करून सांगायची,
मी मान डोलवायचो.

आता बलदियाने काढलंय,
शाळांच्या टाक्या धुण्याच्या कामात
लहान धंद्यांना राखीव वाटा.
पण आधी दाखला आणा, लहान असल्याचा.

म्हणजे उलटी शिलाई.
झुलेखा रात्री वही घेऊन बसली,
मोठेपणाचा एकेक टाका उसवत.
पिकअप दोन. एकाचा गिअर अडतो, तेही लिहू?
माणसं पाच. इक्रामुल सिल्हेटला गेला तो आलाच नाही,
त्याला धरू नका.
उलाढालीचा आकडा लिहिला
आणि वर हात ठेवला,
भिंतीलासुद्धा दिसू नये असा.

टायपिंग सेंटरमधल्या मलबारी पोराने
सगळं अरबीत छापून दिलं,
एकच चौकोन कोरा सोडला.
सरकारी कामाचा अनुभव, वर्षं.
म्हणाला, हे तुमचं तुम्ही भरा, हाताने.

काय भरू?
ह्या गावातल्या शाळांच्या टाक्या मला आतून माहीत आहेत.
कुठली पाझरते,
कुठलीत हाक मारली तर तीनदा परत येते,
कुठल्या तोंडातून एकटा तेकबहादूरच आत मावतो,
तोही खांदे दुमडून, श्वास सोडून.
पण ठेका दुबईच्या कंपनीचा.
तिने दिला शारजाच्या कंपनीला.
तिने फोन केला मला.
कागदावर आम्ही त्या शिडीला कधी पायच लावला नाही.
बिल एकाचं, पाणी दुसऱ्याचं,
आमचा फक्त गाळ.

लिहिलं. गोल, ठसठशीत,
मास्तरांनी पाटीवर घोटून घेतलं होतं तसं:
०

खिडकीतली बाई, बद्रिया का कोण,
नखांवरची मेंदी अर्धी उतरलेली.
बोट फिरवत फिरवत चौकोनाशी आली.
खम्सा, म्हणाली. पाच वर्षं. ठीक.

विसरलोच होतो मी.
ह्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका,
आणि आमचं शून्य म्हणजे ह्यांचे पाच.
आकडे म्हणे आपल्याकडूनच इकडे आले,
अरबीत त्यांना हिंदी आकडेच म्हणतात.
वाटेत, एखाद्या गलबतात,
अंधारात उठताना
एकाने दुसऱ्याचा सदरा घातला असेल.

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं.
झुलेखाने माझ्या पायावर चप्पल ठेवली,
दाबली नाही, नुसती ठेवली.
आणि सांगणार तरी काय होतो?
शून्य खरं, ते कागदाचं.
अकरा खरं, ते टाकीचं.
बाईने मधेच कुठेतरी आम्हाला उतरवलं होतं.

तिने शिक्का उचलला.
शिक्क्याला इथे खतम म्हणतात.
नवीन होतो तेव्हा घाबरायचो,
कुणी खतम म्हणालं की वाटायचं, संपलं आपलं.
दाण्‌.

तेकबहादूरने दाखला उजेडात धरला,
उलटा, मग सुलटा.
काय लिहिलंय, साहेब?
आपण लहान आहोत.
एवढ्यासाठी तीन दिवस? मला विचारायचं,
म्हणाला, आणि ब्रश उचलून पिकअपकडे गेला.

निविदा कधी उघडणार, विचारलं तर म्हणतात, बुक्रा.
उद्या. इथला उद्या लांब असतो.

रात्री झुलेखाने वहीत नोंद केली.
फी, झेरॉक्स, टायपिंग, चहा दोन.
खाली लिहिलं, अनुभव.
पेन थोडा वेळ तसंच राहिलं.
मग तिने एक गोल काढला.
कुठल्या लिपीतला,
मी विचारलं नाही.