बेबी ऑफ

सकाळी सहाला आधी कंट्रोलची बाटली.
हे कुणाचंच नसलेलं सीरम,
याला ना वॉर्ड, ना बाहेर ताटकळणारे नातेवाईक.
पण याची साखर जागची हलली
तर परळचं अख्खं इस्पितळ मी थांबवून धरते.

मग रांग लागते.
ताकाच्या निवळीसारखं, झेंडूसारखं,
रात्री लग्नात जेवून आलेल्याचं दुधाळ.
चेहरे मला माहीत नाहीत.
सेंट्रिफ्यूज थांबलं की रंग तेवढे दिसतात.

बेड अठराचं पोटॅशियम आठ,
आणि सीरम कोकमासारखं लाल.
सिस्टर, रक्त नळीतच फुटलंय, पुन्हा पाठवा.
"मॅडम, तुमचं मशीनच बिघडलंय."
तुळसकर मामा लिफ्ट बंद म्हणून
चार जिने उतरून दुसरी नळी आणतात.
चार पॉइंट तीन.
कुणी आभार मानत नाही. मानायचे तरी कसले,
न झालेल्या गोष्टीचे?

एनआयसीयूची नळी करंगळीच्या पेराएवढी.
टाचेतले चार थेंब, काळ्या कागदात गुंडाळलेले.
ज्या उजेडानं वर बाळाची कावीळ उतरते
तोच उजेड इथे आकडा खोटा करतो.
नाव अजून ठेवलेलं नाही.
लेबलवर फक्त : बेबी ऑफ फरझाना मुकादम.

बिलिरुबिन एकोणीस.
संध्याकाळी वीस पॉइंट दोन;
खांद्याला लावलेली पर्स मी परत खाली ठेवली.
दुसऱ्या दिवशी सोळा.
मग तेरा पॉइंट चार.
डबा खाताना सावेला सांगितलं,
भाचीचे मार्क सांगावेत तसं,
तर ती म्हणाली, अगं, कमी झाले म्हणून पेढे मागणारी तू पहिलीच.

शुक्रवारी नळी आली नाही.
शनिवारी नाही.

आमच्याकडे बातमी अशीच येते, न येण्यातून.
घरी नेलं असेल.
नमुने थांबायची कारणं दोन,
त्यातलं एकच मी मोठ्यानं बोलते.
नोंदणी क्रमांक टाकला तर स्क्रीन सांगेल.
क्रमांक पाठ आहे.
आकडा उतरणीला लागला होता,
उतरणीला लागलेला सहसा फिरत नाही.
सहसा.
हा शब्द रिपोर्टात लिहायची मला परवानगी नाही.

उरलेलं सीरम सात दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं,
मग पिवळ्या पिशवीत, असा नियम.
आज नववा दिवस.
मागच्या रांगेत, कंट्रोलच्या बाटलीआड,
काळा कागद अजून तसाच गुंडाळलेला.